गुडघ्याची गोळी हृदयाला का नडते?

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरच्याच एका ताईंचे बाबा, वय ६८. तीन वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका आला, एक स्टेंट बसला. रोज ॲस्पिरिन ७५, ॲटोर्वास्टॅटिन, टेल्मिसार्टन आणि मेटोप्रोलॉल चालू आहे. गुडघे दुखतात म्हणून शेजारच्या काकांनी सुचवलेली एटोरिकॉक्सिब ९० मिलिग्रॅमची गोळी ते दोन महिने मेडिकलवरून आणून रोज घेताहेत. आराम इतका पडला की नवरात्रात बिजासनची टेकरी चढून आले. आता हृदयाच्या डॉक्टरांनी ती पाहिली आणि तडकाफडकी बंद करायला सांगितली. बाबांचं म्हणणं, "पोटाला जराही त्रास नाही, आणि गुडघ्याचा हृदयाशी काय संबंध?" ताईंनी थोडं वाचलंय. त्या विचारतात, ही गोळी ज्या एन्झाइमला (शरीरातली रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाला) रोखते ते रक्तवाहिन्यांना गुठळ्यांपासून वाचवतं म्हणे. पण ॲस्पिरिनसुद्धा त्याच एन्झाइमला रोखते, मग ती हृदयाला चांगली कशी?

ताई, हा शेवटचा प्रश्न तोंडी परीक्षेत भल्याभल्यांना घाम फोडतो, तेव्हा उत्तर जरा लांबेल. त्याआधी खरा पेच सांगतो. तुमच्या घरात वाद चाललाय तो गोळी चांगली की वाईट यावर. गोळी तिचं काम चोख करते. बाबा टेकरी चढले हे काही खोटं नाही. अडचण अशी की ती पोटाला सोसते आणि हृदयाला नडते, या दोन्ही गोष्टी तिच्या एकाच गुणामुळे होतात. एक ठेवून दुसरी काढता येत नाही. हे बाबांच्या गळी उतरलं तर ते ऐकतील. नुसतं "डॉक्टर नको म्हणाले" एवढंच सांगितलंत, तर पुढच्या महिन्यात पाकीट उशीखाली सापडेल. आणि गुडघ्याचं दुसरं काही केलं नाहीत, तर पटूनसुद्धा सापडेल.

मी बाबांना तपासलेलं नाही. बीपी किती राहतं, क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चालतंय ते सांगणारी रक्ततपासणी) किती आहे, झटक्यानंतर हृदयाचं पंपिंग किती उरलंय, पूर्वी कधी अल्सर झाला होता का किंवा डांबरासारखी काळी शौच झाली होती का, यावर दुखण्यासाठी पुढे काय द्यायचं ते ठरेल. एटोरिकॉक्सिब बंद करायची की नाही, हे मात्र त्यावर ठरत नाही. ज्यांना हृदयाच्या धमन्यांचा आजार, पक्षाघात किंवा पायाच्या धमन्यांचा आजार आहे त्यांना ही गोळी द्यायची नाही, असं युरोपात तिच्या माहितीपत्रकातच छापलेलं असतं. अमेरिकेत तर तिला परवानगीच मिळाली नाही. आपल्याकडे ती ६०, ९० आणि १२० मिलिग्रॅममध्ये कुठल्याही मेडिकलवर मिळते. खरं तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये असं पाकिटावर लिहिलेलं असतं, पण ती ओळ कोण वाचतो!

आता एन्झाइमकडे वळू. त्याचं नाव सायक्लोऑक्सिजनेज. आम्ही बोलताना 'कॉक्स' म्हणतो. पेशीच्या आवरणातून सुटलेल्या ॲराकिडोनिक आम्लापासून ते एक मधला पदार्थ बनवतं. त्या पदार्थाचं पुढे काय करायचं हे ती ती पेशी ठरवते. प्लेटलेटमध्ये, म्हणजे गुठळी बनवणाऱ्या रक्तातल्या छोट्या पेशीत, त्याचं थ्रॉम्बॉक्सेन होतं. त्यानं प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि रक्तवाहिनी आवळते. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात त्याच पदार्थाचं प्रोस्टासायक्लिन होतं आणि त्याचं काम बरोबर उलटं: वाहिनी सैल ठेवायची, प्लेटलेटना चिकटू द्यायचं नाही. जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये ॲस्पिरिन या एन्झाइमला रोखते हे दाखवलं. १९७६ मध्ये त्यांच्याच गटानं प्रोस्टासायक्लिन शोधलं, आणि १९८२ च्या नोबेल पुरस्कारात ते वाटेकरी झाले. दोन्ही पदार्थ फार थोडा वेळ टिकतात. थ्रॉम्बॉक्सेन अर्ध्या मिनिटात निम्मं होतं, प्रोस्टासायक्लिन काही मिनिटांत संपतं. त्यामुळे साठा करून ठेवायची सोय नाही. अस्तराला ते सतत बनवत राहावं लागतं, आणि एन्झाइम अडलं की ते रक्षणही त्याच दिवशी कमी होतं.

या एन्झाइमची दोन रूपं आहेत. कॉक्स-१ बारा महिने तेरा काळ चालू असतं; जठराच्या अस्तराचं आम्लापासून रक्षण करणारे पदार्थ तेच बनवतं, आणि प्लेटलेटमध्येही तेच असतं. कॉक्स-२ सूज आली की वाढतं. तुमच्या बाबांच्या गुडघ्यात ठणका लावणारं ते हेच. म्हणून १९९० च्या दशकात कल्पना निघाली की फक्त कॉक्स-२ रोखणारं औषध बनवलं तर सूज जाईल आणि पोट सुखरूप राहील. कल्पना बरोबर निघाली, पोटाचे अल्सर खरोखरच कमी झाले. पण कॉक्स-२ काही सुजलेल्या गुडघ्यातच बसलेलं नसतं. रक्त धमनीच्या अस्तरावरून एका लयीत वाहत असताना त्या प्रवाहाच्या घासण्यानंच अस्तरात कॉक्स-२ तयार होत राहतं आणि त्यातून प्रोस्टासायक्लिन बनतं. मूत्रपिंडातही ते कामाला असतं, त्याबद्दल पुढे सांगतो.

म्हणजे एटोरिकॉक्सिब घेतली की गुडघ्याची सूज उतरली, पोटातलं कॉक्स-१ जागच्या जागी राहिलं म्हणून जळजळ नाही. पण प्लेटलेटमधलं कॉक्स-१ही जागच्या जागीच राहिलं. थ्रॉम्बॉक्सेन जितकं बनत होतं तितकंच बनतंय आणि त्याला आवरणारं प्रोस्टासायक्लिन घटलंय. गाडी उतारावर आहे, वेग तोच आहे आणि ब्रेक ढिला केलाय. तिशीतल्या निरोगी माणसाच्या धमन्यांत यानं सहसा काही बिघडत नाही. अस्तराकडे नायट्रिक ऑक्साइडसारखी आणखी साधनं असतात. तुमच्या बाबांच्या धमन्यांचं तसं नाही. तिथे चरबीचे थर आहेत, एका जागी स्टेंटची जाळी आहे, अस्तर जागोजागी दुबळं आहे. असा थर कधी तडकला तर त्यावर किती मोठी गुठळी जमणार, हे बरंचसं या ब्रेकवरच अवलंबून असतं.

मग ॲस्पिरिन? तीही कॉक्स रोखते, पण वेगळ्या तऱ्हेनं. बाकीच्या वेदनाशामक गोळ्या एन्झाइमला तात्पुरत्या चिकटतात आणि काही तासांनी सुटतात. ॲस्पिरिन एन्झाइमवर आपल्या रेणूचा एक तुकडा कायमचा चिकटवून जाते, ते एन्झाइम पुन्हा चालत नाही. अस्तराच्या पेशीला केंद्रक असतं, ती काही तासांत नवं एन्झाइम बनवते. प्लेटलेटला केंद्रकच नाही. तिचं एन्झाइम एकदा निकामी झालं की तिच्या उरलेल्या आयुष्यभर, म्हणजे सात ते दहा दिवस, निकामीच. शिवाय ७५ मिलिग्रॅमची छोटी मात्रा आतड्यातून यकृताकडे जाणाऱ्या रक्तातच प्लेटलेटना गाठते. यकृत ओलांडेपर्यंत तिचा जोर बराच उतरलेला असतो, त्यामुळे शरीरभरच्या अस्तराला तिची झळ कमी लागते. थ्रॉम्बॉक्सेन जवळजवळ बंद, प्रोस्टासायक्लिन बऱ्यापैकी शाबूत. म्हणून तर मात्रा मुद्दाम इतकी लहान ठेवली आहे. डोकेदुखीला ३०० ची गोळी असते म्हणून रोज ३०० घेतली तर हृदयाचं चौपट रक्षण होईल, हा हिशेब चालत नाही.

इथे बाबा म्हणतील, "मग मी ॲस्पिरिन घेतोच आहे की, भरपाई झाली!" अशी भरपाई पूर्ण होत नाही. प्लेटलेटना चेतवणारं थ्रॉम्बॉक्सेन एकटंच नसतं. जखमेच्या जागी तयार होणारं थ्रॉम्बिन, प्लेटलेटमधून सुटणारं एडीपी, उघडं पडलेलं कोलॅजन, सगळेच त्यांना चेतवतात. ॲस्पिरिन यातला एक मार्ग बंद करते. प्रोस्टासायक्लिन प्लेटलेटच्या आतून काम करतं आणि चेतवणारा कुणीही असो, सगळ्यांनाच आवरतं. आणि भरपाई म्हणून दोन्ही गोळ्या एकत्र घेतल्या की कॉक्स-२ रोखणाऱ्या गोळीचा पोटाबाबतचा फायदाही बराचसा जातो, कारण ॲस्पिरिन पोटाला टोचतेच. म्हणजे बाबांच्या बाबतीत या गोळीचा मुख्य गुणच अर्धा उरला आहे. मला विचाराल तर त्यांना पटवायला हा मुद्दा सगळ्यात कामाचा आहे.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल, तर रोफेकॉक्सिबचं उदाहरण घ्या. मी इंदूरच्या एमवाय रुग्णालयात शिकत होतो त्या काळात ही गोळी नव्या जमान्याची म्हणून धडाधड लिहिली जायची. मर्क कंपनीनं ती १९९९ मध्ये व्हायॉक्स नावानं बाजारात आणली होती. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गॅरेट फिट्झगेराल्ड यांच्या गटाला या जातीच्या गोळ्या घेणाऱ्या निरोगी माणसांच्या लघवीत प्रोस्टासायक्लिनचे अवशेष कमी झालेले दिसले. म्हणजे इशारा पहिल्याच वर्षी मिळाला होता. २००० मध्ये सुमारे ८००० संधिवाताच्या रुग्णांवरच्या चाचणीत रोफेकॉक्सिबच्या गटात नेप्रोक्सेन या जुन्या वेदनाशामक गोळीच्या गटापेक्षा झटके जास्त आले. तेव्हा कंपनीनं खुलासा केला की नेप्रोक्सेनच हृदयाचं रक्षण करत असेल, म्हणून आमची गोळी वाईट दिसते. पुढे आतड्यातल्या पॉलिपसाठी (अस्तरावर वाढणाऱ्या गाठींसाठी) चाललेल्या चाचणीत समोर नेप्रोक्सेन नव्हतं, औषध नसलेली रिकामी गोळी होती. तरी गुठळीचे आजार जवळपास दुप्पट निघाले. ३० सप्टेंबर २००४ ला कंपनीनं औषध जगभरातून मागे घेतलं, डिसेंबरात भारतानंही बंदी घातली. पाठोपाठ २००५ मध्ये वाल्डेकॉक्सिब गेली. एटोरिकॉक्सिब त्याच कुटुंबातली.

प्रमाणही सांगायला हवं, नाहीतर बाबा घाबरून रात्रभर जागे राहतील. २०१३ मध्ये अनेक चाचण्यांची आकडेवारी एकत्र करून एक मोठा अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. कॉक्स-२ रोखणाऱ्या गोळ्या किंवा मोठ्या मात्रेतलं डायक्लोफेनॅक घेणाऱ्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांचे गंभीर प्रसंग साधारण एक तृतीयांशानं वाढले. मध्यम धोक्याच्या १००० लोकांनी वर्षभर गोळी घेतली तर जास्तीचे तीन प्रसंग, त्यातला एक मृत्यू. म्हणजे दोन महिने गोळी घेणाऱ्या बहुतेकांना काहीच होत नाही, आणि बाबांनाही झालेलं नाही. पण ज्याला आधीच झटका येऊन गेलाय त्याचा मूळ धोकाच मोठा, त्यावर एक तृतीयांश म्हणजे वाढही मोठी. आणि "थोडेच दिवस घेतो" हेही पूर्ण खरं नाही. डेन्मार्कमध्ये झटका येऊन गेलेल्या लोकांच्या नोंदी तपासल्या तेव्हा धोका उपचाराच्या सुरुवातीलाच वाढलेला दिसला.

इथे एक प्रामाणिक तळटीप. अस्तरातलं प्रोस्टासायक्लिन मुख्यतः कॉक्स-२ बनवतं की कॉक्स-१, यावर शास्त्रज्ञांत अजून जुंपते. उंदरांच्या रक्तवाहिन्यांतलं फक्त कॉक्स-२ काढलं तेव्हा गुठळ्या लवकर झाल्या आणि बीपी वाढलं. दुसरा पक्ष म्हणतो, मोठ्या धमन्यांत कॉक्स-१च मुख्य आहे आणि खरा घोटाळा मूत्रपिंडातल्या कॉक्स-२ चा आहे. भांडण कुणीही जिंको, गोळी घेणाऱ्या माणसाला धोका आहे यावर दोघांचंही एकमत आहे.

मूत्रपिंडाचा भाग मात्र गंभीरपणे घ्या, कारण ओपीडीत मला रोज तोच दिसतो. कॉक्स-२ रोखलं की मूत्रपिंड मीठ आणि पाणी धरून ठेवतं. पायावर सूज येते, वजन आठवड्यात दोन किलो वाढतं, बीपी चढतं आणि टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्या गोळीचा असर उतरतो. त्यात आपलं इंदूर! सकाळी पोह्यांवर शेव, दुपारी वरण-भातावर शेव, संध्याकाळी चहाबरोबर पुन्हा शेव. तेवढं मीठ एरवी मूत्रपिंड बाहेर टाकतं, या गोळीत ते अडकतं. सोबत लघवी वाढवणारी गोळी चालू असेल आणि मे महिन्याच्या उन्हात उलटी-जुलाब झाले, तर क्रिएटिनिन झपाट्यानं वर जाऊ शकतं. पंपिंग कमी असेल तर याच साठलेल्या पाण्यानं धाप लागते.

"मग दुसरी कुठली पेनकिलर?" हा पुढचा प्रश्न येणारच. डायक्लोफेनॅक जुनी आणि ओळखीची म्हणून लोक निर्धास्त असतात, पण कॉक्स-२ कडे तिचा कल जवळपास सेलेकॉक्सिबइतकाच आहे. २०१३ पासून युरोपात तीही हृदयरोग्यांना वर्ज्य आहे. एसेक्लोफेनॅक तिचीच बहीण. आयब्युप्रोफेनची भानगड वेगळी: ती प्लेटलेटमधल्या एन्झाइमच्या त्याच खोबणीत जाऊन बसते जिथे ॲस्पिरिनला शिरायचं असतं, आणि ॲस्पिरिन वाया जाते. नेप्रोक्सेन हृदयाच्या दृष्टीनं त्यातल्या त्यात बरी, कारण पूर्ण मात्रेत ती प्लेटलेटनाही दिवसभर आवरून ठेवते. पण ॲस्पिरिनबरोबर पोटातून रक्तस्राव होण्याचा धोका चांगलाच वाढतो. सेलेकॉक्सिबबद्दल २०१६ मध्ये २४,००० लोकांवरची चाचणी आली. मध्यम मात्रेत ती नेप्रोक्सेन किंवा आयब्युप्रोफेनपेक्षा हृदयाला जास्त वाईट ठरली नाही. अगदीच नाइलाज झाला तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारून, पोटाच्या गोळीसह, सर्वात कमी मात्रेत आणि मोजके दिवस यातली एखादी दिली जाते. मेडिकलवाल्याच्या सल्ल्यानं नव्हे.

गुडघ्यासाठी मी काय करतो ते सांगतो. पहिलं, डायक्लोफेनॅकचं जेल. हसू नका. लावलेल्या जेलमधून रक्तात जाणारं औषध गोळीच्या मानानं सहा टक्क्यांच्या आसपास असतं आणि गुडघा कातडीच्या जवळ असल्यामुळे तिथे ते पोचतं. पण लोक वाटाण्याएवढं घेऊन एकदा चोळतात आणि "काही फरक नाही" म्हणतात. गुडघ्याला ट्यूबमधून बोटभर लांब पट्टी लागते, दिवसातून तीन-चार वेळा, आणि किमान दोन आठवडे. दुसरं, पॅरासिटामॉल. संधिवातात तिचा फायदा माफक आहे, पण टेकरी चढायच्या दिवशी आधी एक घ्यायला हरकत नाही. रोज पूर्ण मात्रेत सतत घेतली तर तीही बीपी थोडं वाढवते, हे २०२२ मध्ये एडिनबराच्या चाचणीत दिसलं आहे, तेव्हा तिलाही खाऊ समजू नका.

तिसरी गोष्ट सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात उपयोगी: मांडीचा पुढचा स्नायू. बाबांना पलंगावर उताणं झोपवा. एक पाय दुमडलेला, दुसरा सरळ, गुडघा ताठ, घोटा आपल्याकडे ओढलेला. सरळ पाय वीतभर उचलायचा, श्वास न रोखता पाच ते दहा आकडे मोजायचे, हळू खाली. प्रत्येक पायाला दहा वेळा, दिवसातून दोनदा. श्वास रोखू नका हे हृदयरोग्याला मुद्दाम सांगावं लागतं, कारण जोर लावताना सगळे रोखतात आणि बीपी उसळतं. फरक सहा-आठ आठवड्यांनी कळतो, गोळीसारखा दुसऱ्या दिवशी नाही; हे आधीच सांगून ठेवा. वजन जास्त असेल तर एक किलो उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं हलका होतो. एवढं करूनही भागलं नाही तर हाडांचे डॉक्टर गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊ शकतात. काही आठवडे आराम मिळतो, मात्र मधुमेह असेल तर साखर चार-पाच दिवस वर राहते. शस्त्रक्रियेचा विषय निघालाच तर ॲस्पिरिन थांबवायची का, हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणीही परस्पर ठरवू नये.

अजून एक काम आज संध्याकाळीच करा. बाबांची औषधांची पिशवी टेबलावर उलटी करा. माझ्यासमोर लोक ती उलटी करतात तेव्हा त्यातून कात्रीनं कापलेले चार-चार गोळ्यांचे तुकडे पडतात. नाव कापलेल्या बाजूला राहिलेलं, हातात फक्त चमकता कागद आणि 'मिलिग्रॅम' एवढंच. अंगदुखीच्या, कंबरेच्या, सर्दीच्या एकत्रित गोळ्यांत हीच औषधं दुसऱ्या नावानं असतात. स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांतही एटोरिकॉक्सिब मिसळलेली असते. ज्याचं नाव वाचता येत नाही ती गोळी घरात ठेवू नका.

गोळी हळूहळू कमी करायची गरज नाही, आजपासून एकदम थांबवता येते; ॲस्पिरिन मात्र एकही दिवस चुकवायची नाही. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम या आठवड्यात तपासून घ्या. गेल्या दोन महिन्यांत बीपी वाढलं म्हणून कुणी टेल्मिसार्टनची मात्रा वाढवली होती का, ते जुन्या चिठ्ठीत बघा. तसं असेल तर एटोरिकॉक्सिब थांबल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत बीपी खाली येईल आणि बाबांना पहाटे बाथरूमला उठताना चक्कर येऊ शकते. रोज सकाळी बसून एकदा आणि उभं राहून एक मिनिटानं एकदा बीपी मोजा, लिहून ठेवा. उभं राहिल्यावर वरचा आकडा वीसनं किंवा त्याहून जास्त उतरत असेल, तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे लगेच जा, पुढच्या तारखेची वाट बघू नका.